आरसा आणि मखमल

पवित्र आठवड्याच्या तयारीसाठी सॅक्रिस्टीतील मोठे कपाट उघडले की दोन वस्तू शेजारी शेजारी दृष्टीस पडतात. एक म्हणजे घासूनपुसून लख्ख केलेले पितळी मेणबत्तीदाण, आणि दुसरी म्हणजे उत्तम शुक्रवारच्या मिरवणुकीसाठी वापरावयाचे जुने काळे मखमली आच्छादन. दोन्हींवर ऊन पडते ते एकाच खिडकीतून. मेणबत्तीदाण ते ऊन जसेच्या तसे परत फेकते आणि पाहणाऱ्याचे डोळे दिपवते. मखमल मात्र ते मुकाट्याने गिळून टाकते. थोड्या वेळाने हात लावून पाहावा तर ती कोमट लागते. त्याच काळ्या रंगात बुडविलेले सुती कापड शेजारी धरले, तर मखमल त्याहूनही काळी दिसते. रंग एकच असताना हा फरक का पडावा? त्याचे कारण मखमलीचे उभे, दाट तंतू होत. प्रकाश दोन तंतूंमधील फटीत शिरतो, एका तंतूवरून दुसऱ्यावर आदळतो, प्रत्येक आदळण्यात थोडा थोडा शोषला जातो, आणि बाहेर पडण्याची वाट काही त्याला सापडत नाही.

अतिशय तीव्र लेझर प्रकाशाला एखाद्या पदार्थात शिरावयास कसे लावावे, या प्रश्नाशी शास्त्रज्ञ गेली कित्येक दशके झुंजत आले आहेत. त्या झुंजीचा इतिहास म्हणजे आरशाकडून मखमलीकडे झालेला प्रवास होय. तो येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. मात्र त्यामागे एक ऋण आहे, ते आधी कबूल करणे बरे.

आमची चूक

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९२ लेझर किरणांनी जड हायड्रोजनच्या एका इवल्याशा गोळीत अणुगर्भांचे संमीलन घडवून आणले. लक्ष्यापर्यंत पोहोचलेली ऊर्जा होती २.०५ मेगाज्यूल आणि बाहेर आली ३.१५ मेगाज्यूल. ही बातमी जगभर गाजली. पुढच्या महिन्यात आमच्या धर्मग्रामाचा युवक मेळावा होता. त्याआधी काही दिवस आम्ही कोलोरॅडोतील एका निराळ्या प्रयोगाविषयी वाचले होते. तेथे केसाहून शेकडोपट बारीक तारांच्या जंगलावर लहानशा लेझरचा मारा करून संमीलन साधण्यात आले होते. आम्ही उत्साहाच्या भरात या दोन्ही गोष्टींची मोट बांधली आणि तरुणांपुढे सांगून टाकले की, या सूक्ष्म तारांनी सूर्य मुठीत आणला आहे. थोड्याच वर्षांत घरोघरी त्याची वीज येईल.

टाळ्या पडल्या. नंतर पदार्थविज्ञानाच्या पदवीचा अभ्यास करणारी आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगी उभी राहिली आणि तिने अतिशय आदराने विचारले, “फादर, त्या तारांच्या प्रयोगात आत किती घातले आणि बाहेर किती आले?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे शिक्षण तत्त्वज्ञानाचे आणि ईशज्ञानाचे. पदार्थविज्ञानाशी आमची गाठ बारावीपर्यंतच. “अभ्यास करून सांगतो,” एवढेच आम्ही म्हणालो. व्यासपीठावरून बोलणाऱ्याचे शब्द लोक पारखून न घेता स्वीकारतात; म्हणूनच तेथून उच्चारलेले चुकीचे वाक्य साध्या गप्पांतील चुकीपेक्षा जड असते. हा लेख त्या अभ्यासाचे फळ आहे, आणि ते द्यावयास उशीर झाला आहे.

बाकावर सुचलेली कल्पना

लेझरची मुळे १९१७ सालात जातात. उत्तेजित अणूजवळून योग्य रंगाचा प्रकाश गेला, तर तो अणू अगदी तसाच प्रकाश बाहेर टाकतो, असे आइन्स्टाइन यांनी त्या काळात दाखवून दिले. परंतु या नियमातून यंत्र निर्माण होण्यास जवळजवळ चार दशके लागली. १९५१ च्या एप्रिल महिन्यात चार्ल्स टाउन्स हे अमेरिकन शास्त्रज्ञ एका बैठकीसाठी वॉशिंग्टनला आले होते. पहाटे लवकर जाग आली म्हणून ते जवळच्या उद्यानात जाऊन बाकावर बसले. भोवती अझेलियाची फुले उमलली होती. तेथे त्यांना सूक्ष्मलहरींचे वर्धन करण्याची युक्ती सुचली आणि त्यांनी ती खिशातील कागदावर टिपून घेतली. पुढे त्यांनी त्या क्षणाची तुलना साक्षात्काराशी केली. टाउन्स कॅथलिक नव्हते. तरी विज्ञान आणि धर्म यांच्या नात्यावर त्यांनी आयुष्यभर चिंतन केले, आणि परमगुरूंच्या विज्ञान अकादमीचे ते सदस्यही होते. १९६४ साली त्यांना बासॉव्ह व प्रोखोरॉव्ह या रशियन शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

टाउन्स यांची युक्ती दृश्य प्रकाशाला लागू करून १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. त्यानंतर तीव्रता वाढविण्याची शर्यत सुरू झाली. परंतु लवकरच एक अडचण आडवी आली. प्रकाश एका मर्यादेपलीकडे तीव्र झाला की तो ज्या स्फटिकातून वाढवावयाचा त्या स्फटिकालाच तडे पाडी. १९८५ साली रोचेस्टर येथे डोना स्ट्रिकलँड या विद्यार्थिनीने आणि तिचे मार्गदर्शक जेरार मुरू यांनी यावर तोडगा काढला. पावसाळ्यात गावच्या अरुंद साकवावरून मिरवणूक न्यावयाची असेल तर आपण काय करतो? सर्वांना एकदम जाऊ देत नाही. लांब रांग लावतो, एकेकाला पलीकडे जाऊ देतो, आणि पैलतीरी पुन्हा सर्वांना एकत्र आणतो. या दोघांनीही तसेच केले. प्रकाशाचा लहानसा स्पंद आधी ताणून लांब केला, मग त्याचे वर्धन केले, आणि शेवटी तो पुन्हा दाबून आखूड केला. स्फटिक सुरक्षित राहिला आणि तीव्रता मात्र हजारो पटींनी वाढली. या शोधाबद्दल दोघांना २०१८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मारी क्युरी आणि मारिया गोपर्ट मायर यांच्यानंतर पदार्थविज्ञानात हा मान मिळविणारी स्ट्रिकलँड ही तिसरी स्त्री. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिची परमगुरूंच्या विज्ञान अकादमीवर नेमणूक केली.

हे स्पंद किती आखूड असतात याची कल्पना करणे कठीण आहे. सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. सेकंदात तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश ६० फेम्टोसेकंदांत केवळ १८ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर कापतो. आता ऊर्जा पाहू. अर्धा ज्यूल म्हणजे ५० ग्रॅमचे लिंबू एक मीटर उंच उचलण्यास लागणारी ऊर्जा. ती कोणाच्याही खिजगणतीत नसते. परंतु तीच ६० फेम्टोसेकंदांत खर्च केली तर शक्ती भरते सुमारे आठ लाख कोटी वॅट. ती सुईच्या अग्राहूनही बारीक ठिपक्यावर एकवटली की कोणताही पदार्थ पदार्थ म्हणून टिकत नाही. अणूंपासून इलेक्ट्रॉन तुटतात आणि प्लाझ्मा तयार होतो.

दार बंद करणारा पाहुणा

खरी अडचण येथूनच सुरू होते, आणि ती समजण्यासाठी जुना रेडिओ आठवावा. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन झाले. ते केंद्र स्वतः मार्कोनी यांनी उभारले होते. रोममधील लघुलहरी पृथ्वीच्या गोलाईला न जुमानता दूरदूरच्या खंडांत कशा पोहोचत? वातावरणाच्या वरच्या थरात सूर्यकिरणांनी अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तेथे एक विरळ प्लाझ्मा तयार होतो. रेडिओलहरी त्या छतावर आपटून खाली परततात. प्लाझ्मातील मोकळे इलेक्ट्रॉन लहरीच्या तालावर डोलतात. त्यांची दाटी एका ठराविक मर्यादेपलीकडे गेली की लहरीला आत वाट मिळत नाही व ती परावर्तित होते. या मर्यादेला क्रांतिक घनता म्हणतात. लहर जितकी आखूड, तितकी ही मर्यादा उंच.

लेझरच्या प्रकाशालाही हाच नियम लागू पडतो. घन धातूवर तीव्र स्पंद आदळला की त्याचा पहिला अंश पृष्ठभागाचा प्लाझ्मा करतो, आणि तो प्लाझ्मा क्रांतिक घनतेहून दाट असल्यामुळे उरलेल्या प्रकाशाला आरशासारखा परत लोटतो. म्हणजे पाहुणा उंबरठ्यावर पाऊल ठेवताच त्याच्याच पावलाने दार बंद व्हावे, तसे हे झाले. जी ऊर्जा शोषली जाते तीही वरच्या पातळ, विरळ थरात, घन पदार्थाच्या घनतेच्या जेमतेम हजाराव्या भागाइतक्या घनतेच्या प्लाझ्मात, खर्ची पडते. आतला दाट पदार्थ जवळजवळ कोराच राहतो. लेझर कितीही मोठा बांधला तरी दार उघडत नाही. किंबहुना अधिक जोराने ठोठावावे तर आरसा अधिकच चकाकतो.

या दारातून थोडा प्रकाश आत नेणाऱ्या काही फटी शास्त्रज्ञांना सापडल्या होत्या. प्रकाश तिरका पडला आणि त्याचे विद्युत्क्षेत्र पृष्ठभागाला काटकोनात असले तर ते इलेक्ट्रॉनांना पृष्ठभागातून बाहेर ओढते आणि पुढच्याच अर्ध्या हेलकाव्यात वेगाने आत भिरकावून देते. १९८७ साली कॅनडातील ब्रुनेल यांनी ही क्रिया स्पष्ट केली. आत फेकलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाची ऊर्जा घेऊन जातो आणि ती परत देत नाही. तेव्हा प्रश्न असा उरला की, असे ‘काटकोनातील’ पृष्ठभाग मुबलक कसे निर्माण करावेत?

टोकांचे सामर्थ्य

उत्तराचा एक धागा फार जुना आहे, आणि तो एका धर्मगुरूच्या अंगणातून जातो. विजेला टोकदार वस्तूंची ओढ असते, कारण टोकाशी विद्युत्क्षेत्र एकवटते. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सूचनेवरून १७५२ साली फ्रान्समध्ये याचा पडताळा घेण्यात आला. दोनच वर्षांनी, १७५४ साली, मोराव्हियातील प्रझिमेतित्से या गावचे धर्मगुरू प्रोकोप दिविश यांनी आपल्या घराजवळ एक उंच यंत्र उभारले. त्यावर शेकडो अणकुचीदार लोखंडी टोके बसविली होती आणि खालचे टोक जमिनीत पुरले होते. ढगांतील वीज मुकाट्याने उतरवून घ्यावी हा त्यांचा हेतू. पुढे काही वर्षांनी अवर्षण पडले तेव्हा गावकऱ्यांनी त्याचा दोष या यंत्राला दिला आणि ते पाडून टाकले. आपल्या धर्मग्रामाला नवी गोष्ट समजावून सांगण्यात कमी पडलेला धर्मगुरू काही आम्हीच पहिले नव्हे!

दुसरा धागा सोन्याचा. १८५७ साली मायकेल फॅरडे यांनी दाखविले की सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले तर ते पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसतात. म्हणजे तोच धातू, पण कण लहान केले की प्रकाशाशी त्याचे वागणे पालटते. १९०८ साली गुस्टाव्ह मी यांनी याचे गणित मांडले. कणातील इलेक्ट्रॉन एकत्रितपणे झुलतात. त्यांच्या झुल्याचा ताल प्रकाशाच्या तालाशी जुळला की कण आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी अधिक प्रकाश गिळतो. १९०२ साली रॉबर्ट वुड यांना बारीक रेघा कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून परतणाऱ्या प्रकाशात काही रंग अचानक गायब झालेले आढळले होते. त्यामागेही पृष्ठभागावरून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या अशाच लहरी होत्या, हे पुढे उमगले.

टोक, कण आणि रेघ असे हे तीन धागे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते एकत्र विणले गेले. १९९३ साली मार्गारेट मर्नेन, हेन्री कॅप्टेन, रॉजर फाल्कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळगुळीत पत्र्याऐवजी रेघा कोरलेल्या व सोन्याच्या सूक्ष्म पुंजक्यांनी मढविलेल्या लक्ष्यांवर आखूड लेझर स्पंद सोडले आणि ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश शोषला गेल्याचे दाखवून दिले. २००० साली टोरॉन्टो येथील संशोधकांनी निकेलच्या उभ्या सूक्ष्म तंतूंचे लक्ष्य वापरून क्ष-किरणांचे तेजस्वी झोत मिळविले. त्यांनी त्या लक्ष्याला नाव दिले ‘मखमल’. हे नाव प्रथम वाचले तेव्हा आम्हांला आमचे सॅक्रिस्टीतील कपाट आठवले.

कुलाब्याची कामगिरी

या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्या अगदी जवळ लिहिले गेले आहे. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा यांनी १९४५ साली ती स्थापन केली. तेथील जी. रवींद्र कुमार, पी. पी. राजीव, पुशन अय्यूब आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तांब्याच्या सूक्ष्म कणांचा लेप दिलेल्या लक्ष्यावर १०० फेम्टोसेकंदांचे स्पंद सोडले. गुळगुळीत तांब्याच्या तुलनेत कठोर क्ष-किरण १३ पट अधिक मिळाले. याचे श्रेय त्यांनी दोन कारणांना दिले. एक, कणांतील इलेक्ट्रॉनांचा जुळलेला ताल. आणि दुसरे, टोकाशी क्षेत्र एकवटण्याचा गुण. या दुसऱ्या कारणाचे त्यांनी वापरलेले नाव म्हणजे शब्दशः ‘तडितवाहक परिणाम’. चर्चच्या मनोऱ्यावरील जी सळई आपण पावसाळ्यात आदराने पाहतो, तिचेच तत्त्व येथे मीटरच्या अब्जांशात मोजावयाच्या कणावर काम करीत होते.

२००८ साली याच संस्थेने, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील प्रेधिमन कौ यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या सहकार्याने, प्रकाशाच्या लहरीहूनही जवळ जवळ कोरलेल्या रेघांचे लक्ष्य वापरले. दर चौरस सेंटिमीटरला तीनावर पंधरा शून्ये इतके वॅट एवढ्या तीव्रतेला, योग्य कोनातून प्रकाश सोडल्यावर, जवळजवळ शंभर टक्के शोषण झाले. उन्हाळ्यातील भर दुपारचे ऊन दर चौरस सेंटिमीटरला वॅटचा दहावा भाग असते, यावरून ही तीव्रता ताडावी. २०१२ साली या संशोधकांनी कार्बनच्या उभ्या सूक्ष्म नळ्यांचे रान उभारले आणि लेझरने उसळविलेले दशलक्ष अँपिअरचे इलेक्ट्रॉन प्रवाह त्या नळ्यांमधून मिलिमीटरभर अंतर एकवटलेले राहतात असे दाखविले. त्याच वर्षी एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी काचेवर चक्क ई. कोलाय जिवाणूंचा थर दिला. त्या थरामुळे कठोर क्ष-किरण साध्या काचेपेक्षा शंभरपटीहून अधिक झाले. महागड्या यंत्रांनी जे घडवावयाचे ते निसर्गाने आयते घडवून ठेवले होते.

तारांचे रान

आता कोलोरॅडो. तेथील राज्य विद्यापीठात जॉर्ज रोका यांच्या गटाने २०१३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आम्लात विजेच्या साह्याने थर चढविला की त्या थरात आपोआप सरळ, सूक्ष्म छिद्रे पडतात. त्या छिद्रांत निकेल किंवा सोने भरावयाचे आणि मग तो साचा विरघळवून टाकावयाचा. मागे उरतात सुमारे ५५ नॅनोमीटर जाडीच्या, काही मायक्रॉन उंचीच्या उभ्या तारा, भातशेतीतील रोपांसारख्या दाट व सरळ. त्यांच्यामधील फटींतून प्रकाश खोल उतरतो, प्रत्येक तारेच्या कडेतून इलेक्ट्रॉन ओढून काढतो आणि तारा आतबाहेर तापवितो. अवघ्या अर्ध्या ज्यूलने येथे क्रांतिक घनतेच्या सुमारे शंभरपट दाट प्लाझ्मा मिळाला. तापमान काही कोटी अंशांवर गेले. सोन्याच्या अणूतील ७९ पैकी ५२ इलेक्ट्रॉन गळून पडले. आणि दाब वातावरणाच्या अब्जावधी पटींत पोहोचला.

मात्र ही मखमल फार नाजूक असते. मुख्य स्पंदाच्या पुढे नेहमीच थोडा क्षीण प्रकाश धावत असतो. तो कितीही मंद असला तरी मुख्य स्पंदाच्या मानाने मंद. तारांना वितळवावयास तो पुरेसा असतो. तारा आधीच कोसळल्या तर स्पंद पोहोचेपर्यंत रानाचे पुन्हा सपाट, चकाकणारे मैदान झालेले असते आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून कोलोरॅडोच्या गटाने आपला तांबडा प्रकाश एका स्फटिकातून नेऊन निळा करून घेतला. हा बदल तीव्र प्रकाशातच नीट घडतो, क्षीण प्रकाशात नाही. त्यामुळे आगाऊ धावणारा प्रकाश वेगळा काढता आला. मुख्य स्पंदाचीही घाई असतेच. तापलेल्या तारा फुगून फटी बुजवितात, त्याआधी प्रकाशाने आत शिरले पाहिजे.

२०१८ साली याच गटाने जड हायड्रोजनयुक्त प्लॅस्टिकच्या तारा वापरल्या. त्यांतील अणुगर्भ वेगाने एकमेकांवर आदळून संमीलन पावले आणि दर ज्यूलमागे वीस लाखांपर्यंत न्यूट्रॉन मिळाले, म्हणजे सपाट लक्ष्याच्या सुमारे पाचशेपट. त्याआधी १९९९ साली लिव्हरमोरमध्ये जड हायड्रोजनच्या अणूंचे वायूत तरंगणारे पुंजके लेझरने फोडून संमीलन घडविण्यात आले होते. तेव्हा एका स्पंदामागे दहा हजारांच्या आसपास न्यूट्रॉन निघाले होते.

किती घातले, किती आले

युवक मेळाव्यात आम्ही सांगितला होता तो हाच २०१८ चा प्रयोग. आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. जड हायड्रोजनचे दोन अणुगर्भ एकत्र येऊन न्यूट्रॉन बाहेर पडतो तेव्हा सुमारे ३.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. त्याला वीस लाखांनी गुणून आम्ही ज्यूलमध्ये उत्तर काढले. ते आले एका ज्यूलचा दहा लाखावा भाग. छापण्यापूर्वी हा हिशेब आम्ही तिच्याकडे पाठविला. तो तांबड्या शाईच्या एका ओळीसह परत आला. साधारण निम्म्या संमीलनांतून न्यूट्रॉन नव्हे तर प्रोटॉन बाहेर पडतो आणि ती निम्मी आम्ही विसरलो होतो! ती धरली तर उत्तर दुपटीहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे दहा लाखांश भागाच्या सव्वादोन पट. हजार रुपये गुंतवावे आणि पैशाचा एक चतुर्थांशही हाती येऊ नये, असा हा व्यवहार आहे. घरोघरी वीज तर सोडाच, त्यावर लेझरचा दिवाही लागणार नाही.

लिव्हरमोरच्या यशाशीही या तारांचा संबंध नव्हता. तेथे सोन्याच्या पोकळ नळकांड्याच्या आतील भिंतीवर प्रकाश सोडून त्याचे क्ष-किरण करतात आणि त्यांनी गोळी दाबतात. शिवाय ते २.०५ मेगाज्यूल म्हणजे लक्ष्यावर पडलेला प्रकाश. तो निर्माण करण्यासाठी विजेच्या जाळ्यातून घेतलेली ऊर्जा ३०० मेगाज्यूलच्या घरात होती. ही गोष्टही आम्ही मेळाव्यात सांगितली नव्हती. आणि आणखी एक गोष्ट लपवू नये. लिव्हरमोरची प्रयोगशाळा १९५२ साली अण्वस्त्रांच्या संशोधनासाठी स्थापन झाली, आणि चाचणी स्फोट न करता अस्त्रसाठा विश्वासार्ह ठेवणे हे त्या महालेझरचे एक घोषित कार्य आहे. सूर्य मुठीत आल्याची भाषा करणाऱ्याने ती मूठ कोणाची आहे हेही विचारले पाहिजे. त्या दिवशी ते विचारावयाचे आमच्याकडून राहून गेले.

मग या सूक्ष्म रानाचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो निराळा. टेबलावर मावणाऱ्या यंत्रातून निमिषाच्याही अंशाइतके आखूड असे क्ष-किरणांचे आणि न्यूट्रॉनांचे झोत मिळाले, तर पदार्थाच्या आत वेगाने घडणाऱ्या क्रिया गोठवून पाहता येतील, धातूंच्या अंतरंगाची छायाचित्रे घेता येतील. ताऱ्यांच्या पोटातील परिस्थिती काही क्षण प्रयोगशाळेत आणून तिचा अभ्यास करता येईल. एवढे पुरेसे आहे. जे त्याने कबूल केलेलेच नाही ते त्याच्या पदरी बांधून आम्ही त्याचा मान वाढविला नव्हता.

पुढच्या युवक मेळाव्यात आम्ही हा सारा हिशेब फळ्यावर मांडला, तांबड्या शाईतील दुरुस्तीसह, आणि दुरुस्ती कोणाची तेही सांगितले. टाळ्या या वेळी कमी पडल्या; प्रश्न मात्र सात आले. त्यांतील तिघांची उत्तरे आम्हांला देता आली. उरलेले चार आम्ही वहीत लिहून घेतले आहेत.